काचबिंदूचे थेंब, लेझर आणि घरखर्चाचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, अक्कलकोटजवळच्या गावी राहतात, आयुष्यभर किराणा दुकान चालवलं. पाच वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. आता तीन बाटल्या चालू आहेत: लॅटॅनोप्रोस्ट रात्री एकदा, ब्रिमोनिडिन आणि डॉर्झोलामाइड दिवसातून दोनदा. शिवाय नसेच्या ताकदीच्या गोळ्या. थेंबांचे महिन्याला १,०५० रुपये, गोळ्यांचे ६००. सोलापूरच्या डॉक्टरांनी आता एसएलटी (डोळ्यातला दाब उतरवणारा) लेझर सुचवलाय, एका डोळ्याला ७,००० रुपये. वडील म्हणतात, "पाच वर्षं थेंब घातले, नजर कणभर सुधारली नाही, आता लेझरवर पैसे कशाला घालवायचे?" आणि तुम्ही पुण्यातून विचारताय की संशोधन काय सांगतं, हा खर्च कामी येतो का, आणि महिनाभर थेंब बंद ठेवून बघावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थेंब बंद करू नका, महिनाभरही नाही. बंद केल्यावर वडिलांना काहीच जाणवणार नाही. दुखणार नाही, लाली येणार नाही, नजरही तशीच वाटेल. कदाचित डोळ्यांची चुरचुर कमी होऊन बरंच वाटेल. आणि डोळ्याच्या आत दाब चढलेला असेल. या प्रयोगाचा निकाल डोळ्याला कळतच नाही, म्हणून तो करायचा नाही.

मी २२ वर्षं काचबिंदूचे पेशंट बघते आहे. तुमच्या वडिलांचा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि तो पैशांचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. या थेंबांतून मिळतं काय, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. आपल्याकडे नावांचाही घोटाळा होतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही लोकांना सख्खी भावंडं वाटतात. शेजारच्या काकांचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागले. मग माझ्या बिंदूचं पाच वर्षं काय चाललंय? पण मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, आणि गेलेला तंतू आजच्या घडीला जगात कुणालाही परत आणता येत नाही. वडिलांना दुकानाच्या भाषेत सांगा: शटरला कुलूप लावल्यानं गल्ल्यात भर पडत नाही, जे आहे ते सकाळी जागेवर असतं. थेंब डोळ्यातला दाब उतरवून नसेची झीज रोखतात, त्यांचं काम तेवढंच आहे. पाच वर्षांनी तपासणीत नजर होती तिथेच असेल, तर औषध लागू पडलंय.

हे नुसतं समजूत घालण्यासाठी सांगत नाही. थेंबांनी खरंच काही वाचतं का, हा प्रश्न डॉक्टरांनाही बराच काळ होता. स्वीडनमध्ये माल्मो आणि हेल्सिंगबोर्ग इथे २५५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२-०३ च्या सुमाराला आले: दाब (तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) एक अंकाने उतरला की आजार वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. मग २०१५ साली ब्रिटनमधला अभ्यास आला. ५१६ रुग्ण, अर्ध्यांना लॅटॅनोप्रोस्ट, म्हणजे तुमच्या वडिलांचंच औषध, आणि अर्ध्यांना औषध नसलेले थेंब. दोन वर्षांत बिनऔषधाच्या गटातल्या शंभरातल्या साधारण २६ जणांचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूला जेवढं दिसतं तो भाग, आणखी कमी झालं, औषधाच्या गटात १५ जणांचं. यातल्या दोन्ही गोष्टी मी पेशंटला सांगते. औषधानं फरक पडतो, ही एक. आणि औषध घेऊनही काहींचा आजार पुढे जातो, ही दुसरी. म्हणून तपासण्या आयुष्यभर सुटत नाहीत.

आता जगण्याकडे वळते, कारण खर्च योग्य की अयोग्य हे तिथेच ठरतं. काचबिंदू म्हणजे कडेनं काळोख आणि मधे बोगद्यासारखा उजेड, असं चित्र सगळीकडे छापलेलं असतं. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत डेव्हिड क्रॅब यांच्या गटानं २०१३ साली ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून विचारलं, तुम्हाला यातलं कुठलं दिसतं? काळ्या बोगद्याचं चित्र एकानंही निवडलं नाही. निम्म्याहून जास्त जणांनी 'काही भाग धूसर' हे निवडलं, काहींनी 'काही भाग गायबच', आणि साधारण चौथा हिस्सा म्हणाला, आम्हाला काही कमी दिसतंय असं वाटतच नाही. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. म्हणून तुमचे वडील "मला अंधार कुठे दिसतोय?" म्हणत असतील, तर ते खरंच सांगताहेत, आणि तरीही आजार असू शकतो.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. घरच्यांची तक्रार होती की बाई हल्ली आळशी झाल्या, संध्याकाळच्या कीर्तनाला येत नाहीत, कुठे न्यायचं म्हटलं की कारणं सांगतात. तक्त्यावरची शेवटची ओळ त्या वाचायच्या, त्यामुळे डोळ्यांवर कुणाचा संशय गेला नव्हता. माझ्या खोलीच्या दाराशी एक उंबरठावजा पायरी होती. त्या तिथे थांबल्या, चप्पल काढली आणि उजव्या पायाच्या अंगठ्यानं पायरीची कड चाचपली, मग पाय टाकला. बाहेर जातानाही तसंच. दृष्टिक्षेत्राच्या कागदावर दोन्ही डोळ्यांचा खालचा अर्धा भाग काळा होता. देवळाच्या पायऱ्या त्यांना दिसत नव्हत्या, आणि हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

संशोधनात जीवनमान मोजतात ते अशाच गोष्टी विचारून. प्रश्नावल्या असतात: उजेडातून अंधारात गेल्यावर किती वेळ लागतो, कडेनं येणारं माणूस दिसतं का, पडलेली वस्तू सापडते का, पायऱ्या उतरता येतात का. तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वडिलांना "बरं दिसतंय ना?" असं विचारू नका. उत्तर "हो"च येईल. त्यापेक्षा बघा: एसटीतून उतरताना पाय चाचपतात का? उन्हातून दुकानात शिरल्यावर दाराशीच थबकतात का? ताटातली डावीकडची चटणी तशीच राहते का? रात्री मोरीकडे जाताना हात भिंतीवर असतो का? जे दिसेल ते लिहून डॉक्टरांना सांगा. तीन मिनिटांच्या तपासणीत हे कुणालाच कळत नाही.

आता हिशोब.

पहिली गोष्ट गोळ्यांची. काचबिंदू रोखण्यासाठी आजवर पुराव्यानं सिद्ध झालेला उपाय एकच आहे, दाब उतरवणं. नसेला ताकद देणाऱ्या औषधांवर काम चालू आहे, काहींचे छोटे अभ्यास आशादायकही आहेत, पण थेंबांच्या तोडीचा पुरावा त्यांच्यामागे अजून नाही. तुमच्या १,६५० रुपयांतले ६०० तिथे जातात, वर्षाचे ७,२००. घरात पैशांची ओढ असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "या गोळ्या थांबवल्या तर चालतील का?" मी स्वतः ओढगस्तीच्या घरात गोळ्या लिहीत नाही. कारण पैसे कमी पडले की माणूस गोळ्या चालू ठेवतो आणि थेंब सोडतो. गोळी गिळली की औषध घेतल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट, बाटली किती दिवस पुरते? लॅटॅनोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळे, रोज रात्री एकेक, म्हणजे ४० दिवस. वडिलांची बाटली वीस-पंचवीस दिवसांत संपत असेल तर निम्मं औषध गालावर जातंय. मी प्रत्येक जुन्या पेशंटला माझ्यासमोर थेंब घालायला सांगते. पाच-पाच वर्षं औषध घेणारे लोक मान पुरेशी मागे न करता, बाटली दोन इंचांवरून दाबतात. पहिला थेंब पापणीवर, दुसरा गालावर, तिसरा डोळ्यात. काहीजण "एखादा वाया गेला तर" म्हणून दोन घालतात, पण डोळ्यात मावतो एकच थेंब, वरचा ओघळतो. काहींची बाटलीची चोच पापणीला घासते, तिथून जंतू आत जातात. योग्य पद्धत साधी आहे: आडवं झोपायचं, खालची पापणी बोटानं ओढून खळगा करायचा, त्यात एक थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. त्यानं औषध नाकावाटे घशात उतरत नाही, डोळ्यात राहतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी. उघडलेली बाटली चार ते सहा आठवडेच वापरायची, जितकं वेष्टनावर लिहिलं असेल तितकंच; झाकण उघडल्याची तारीख पेनानं बाटलीवर लिहायची.

तिसरी गोष्ट, त्यांचे दिवसाला पाच वेळा थेंब होतात. दुकान, पूजा, जेवण, झोप सांभाळून पाच वेळा. अमेरिकेत २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १९६ रुग्णांना थेंब फुकट दिले होते, बाटलीला नोंद ठेवणारं यंत्र होतं आणि हे त्यांना माहीतही होतं. तरी जवळजवळ ४५ टक्के लोकांनी पाऊण हिश्शापेक्षा कमी वेळा औषध घातलं. तेही दिवसातून एकदाच घालायचं औषध! त्यामुळे वडील विसरत असतील तर रागावू नका. डॉक्टरांना विचारा की दोन औषधं एका बाटलीत मिळणारं मिश्रण चालेल का. अशा मिश्रणांत बहुतेकदा टिमोलॉल असतं, आणि ते दमा किंवा मंद नाडी असलेल्याला धोक्याचं आहे. वडिलांना रात्रीची धाप लागत असेल, पंप वापरत असतील, तर हे न विचारताही सांगा. थेंब डोळ्यात घालायचा असला तरी तो छातीपर्यंत पोचतो.

आणि चुरचुर, लाली, सकाळी धूसर दिसणं. तीन-तीन बाटल्यांतल्या टिकवण्याच्या रसायनानं डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो. कधी धूसरपणा त्यानं असतो, कधी खरंच सोबत मोतीबिंदूही असतो, कधी काचबिंदूच पुढे गेलेला असतो. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे उपाय. वडिलांना यातलं कुठलं आहे, हे तपासूनच कळेल.

आता लेझर. बुबुळाच्या कडेला डोळ्यातलं पाणी निचरण्याची एक चाळणी असते. एसएलटीत त्या चाळणीतल्या रंगद्रव्याच्या पेशींवर हलके ठिपके मारतात, निचरा सुधारतो, दाब उतरतो. बधिर करणारे थेंब घालून बसल्या जागी काही मिनिटांत होतं. परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. काही वर्षांनी तो ओसरू शकतो आणि मग पुन्हा करता येतो.

याबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं काम ब्रिटनमधला 'लाइट' अभ्यास, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. ७१८ नवे रुग्ण, निम्म्यांना आधी लेझर, निम्म्यांना आधी थेंब. तीन वर्षांनी लेझर गटातले ७४ टक्के लोक एकही थेंब न घालता ठरवलेल्या दाबावर होते. थेंबांच्या गटात ११ जणांना काचबिंदूची शस्त्रक्रिया लागली, लेझर गटात कुणालाही नाही. जीवनमानाच्या गुणांत दोन्ही गट सारखे आले, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला लेझर स्वस्त पडला. २०२२ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत लेझर हा पहिला उपाय म्हणून आला.

पण हे आकडे जसेच्या तसे तुमच्या घराला लावू नका. ते रुग्ण नवे होते, वडील पाच वर्षं तीन औषधांवर आहेत. लेझरनंतर त्यांचे तिन्ही थेंब सुटतील असं मी म्हणणार नाही. एक किंवा दोन सुटले तरी मी समाधान मानेन. शिवाय तिथे लेझर आणि थेंब दोन्हींचा मोठा भार सरकार उचलतं, इथे १४,००० रुपये तुमच्या खिशातून एकदम जाणार आहेत. मला आपल्याशी जास्त जवळचा वाटतो तो टांझानियातल्या किलिमांजारो भागातला अभ्यास, २०२१ सालचा. तिथेही अंतर लांब, औषध नियमित मिळणं अवघड, आजार बऱ्याचदा पुढे गेलेला. एका वर्षानंतर टिमोलॉलच्या थेंबांनी ३१ टक्के डोळ्यांत यश मिळालं, लेझरनं ६१ टक्के.

तुमच्याच आकड्यांनी मांडू. एक बाटली सरासरी ३५० रुपयांची. लेझरनं दोन बाटल्या सुटल्या तर महिन्याला ७०० वाचले, १४,००० रुपये २० महिन्यांत वसूल. एकच सुटली तर ४० महिने, म्हणजे सव्वातीन वर्षांहून जरा जास्त, आणि तेवढ्या काळात परिणाम ओसरूही शकतो. फक्त पैशांत बघितलं तर हा सौदा मध्यम आहे. पण दिवसाचे पाच थेंब तीनवर किंवा एकवर आले, तर उरलेले ते खरंच घालतील. माझ्या मते लेझरचा खरा फायदा हा आहे. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या, दवाखान्यापासून लांब असलेल्या माणसाला मी लेझर लवकर सुचवते. घरात सून किंवा नातवंड रोज न चुकता थेंब घालणारं असेल आणि दाब आटोक्यात असेल, तर मी थांबतेसुद्धा.

मात्र एक अट आहे. डोळ्यातला कोन, म्हणजे बुबुळाच्या कडेची ती चाळणी असते ती जागा, उघडा हवा. आपल्याकडे अरुंद कोनाच्या काचबिंदूचं प्रमाण युरोपपेक्षा जास्त आहे, आणि त्यात एसएलटीचा उपयोग नाही. तिथे बुबुळाला छिद्र पाडणारा वेगळा लेझर किंवा भिंग काढण्याची शस्त्रक्रिया लागते. हा कोन डोळ्यावर आरशाचं भिंग टेकवून बघतात, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. वडिलांची ही तपासणी झालीय का आणि कोन कसा निघाला, हे केसपेपरवर लिहिलेलं असतं. नसेल तर लेझरच्या आधी करून घ्या.

आणि आजार फार पुढे गेलेला असेल तर चर्चा लेझरची नसून, पाणी निचरायला नवी वाट करणाऱ्या शस्त्रक्रियेची व्हायला हवी. लोक शस्त्रक्रियेला घाबरतात, "होती ती नजरही जाईल" म्हणतात. ब्रिटनमध्ये ४५३ पुढारलेल्या आजाराच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (निष्कर्ष २०२१ सालचे) आधी शस्त्रक्रिया केलेल्यांचा दाब दोन वर्षांनी सरासरी १२ च्या आसपास होता, थेंबांवाल्यांचा १५ च्या, आणि जीवनमानात शस्त्रक्रियावाले मागे पडले नाहीत. ती भीती बाळगून नस घालवू नये. ही शस्त्रक्रिया पुरी पडली नाही तर निचऱ्याची नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅब या डोळ्यांची साधनं बनवणाऱ्या संस्थेनं २०१३ पासून तशी नळी कमी किमतीत बनवल्यामुळे ती आपल्या पेशंटना परवडू लागली.

पैशांबाबत अजून दोन व्यावहारिक गोष्टी. जनऔषधी केंद्रात यातले काही थेंब बरेच स्वस्त मिळतात. औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि बदलल्यावर महिन्या-दीड महिन्यात दाब मोजून घ्या. आणि शस्त्रक्रियेचीच वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, पैसे भरल्यावर नाही. रोजचे थेंब मात्र अशा योजनांत किंवा नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बहुधा येत नाहीत, ते घरखर्चातच धरावे लागतात.

सोलापूरच्या पुढच्या भेटीला तुम्ही स्वतः सोबत जा. पाच वर्षांतले दृष्टिक्षेत्राचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. एका कागदावरून काही कळत नाही, पाच शेजारी ठेवले की आजार थांबलाय की सरकतोय ते तुम्हालाही दिसेल. सरकत असेल तर लेझरला उशीर करू नका. थांबलेला असेल तर डॉक्टरांशी बोलून दोन-तीन महिने थेंबांची पद्धत सुधारून बघायला वाव आहे. वडिलांना तिथे थेंब घालून दाखवायला सांगा. आणि तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल तर त्याच दिवशी स्वतःचाही दाब आणि नस तपासून घ्या, वडिलांच्या भावा-बहिणींनाही कळवा. हा आजार घरात असला की रक्ताच्या नात्यातल्यांना धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. तुमच्या वडिलांना पाच वर्षांपूर्वी जे उशिरा कळलं, ते तुम्हाला आजच कळू शकतं.